ढग भाड्याचा, किल्ली कोणाची?

गुजरातच्या सागरकिनारी वाडीनार येथे असलेल्या नायरा एनर्जीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची क्षमता वर्षाला दोन कोटी टन आहे. देशाच्या एकूण शुद्धीकरण क्षमतेत त्याचा वाटा सुमारे आठ टक्के भरतो. या कंपनीचे साडेसहा हजारांहून अधिक पेट्रोलपंप देशभर पसरलेले आहेत. जुलै २०२५ च्या अखेरीस या कंपनीत आग लागली नाही, संपही झाला नाही. तरीही एके दिवशी तिच्या कर्मचाऱ्यांच्या ई-मेल पेट्या उघडेनात. अंतर्गत बैठकांसाठी वापरली जाणारी प्रणाली निश्चल झाली. कंपनीची स्वतःची कागदपत्रे, स्वतःचा पत्रव्यवहार तिला दिसेनासा झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने सेवा थांबविली होती. वापरण्याचे पैसे पूर्ण भरलेले होते, करार चालू होता. आगाऊ सूचना, विचारणा वा चर्चा काहीही झाले नाही, अशी नायराची तक्रार होती.

असे होण्याचे कारण भारतात नव्हते. नायरामध्ये रोझनेफ्ट या रशियन कंपनीचा ४९.१३ टक्के वाटा आहे. युक्रेन युद्धामुळे रशियाची आर्थिक कोंडी करू पाहणाऱ्या युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी नव्या निर्बंधांची यादी घोषित केली आणि तीत नायराचे नाव घातले. भारत सरकारने त्याच दिवशी स्पष्ट केले की, असे एकतर्फी निर्बंध भारत मानत नाही. म्हणजे भारताच्या संसदेने कायदा केला नव्हता, भारताच्या न्यायालयाने आदेश दिला नव्हता, भारताच्या कोणत्याही खात्याने नोटीस काढली नव्हती. ब्रुसेल्समध्ये निर्णय झाला, अमेरिकेत मुख्यालय असलेल्या कंपनीने तो अमलात आणला आणि भारताच्या भूमीवर, भारताच्या कायद्यानुसार चाललेल्या उद्योगाचे दप्तर बंद झाले. नायराला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २८ जुलै रोजी ते वृत्त प्रसिद्ध झाले आणि दोन दिवसांत सेवा पूर्ववत झाली.

प्रकरण मिटले, असे म्हणून पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. या प्रकरणाचीही तशीच वासलात लागली. नायराच्या रशियन भागीदाराविषयी कोणाचे काय मत आहे, हा प्रश्न येथे सर्वस्वी गौण आहे. आज रशियन भागीदार हे निमित्त झाले. उद्या आणखी काही निमित्त होईल. विचार करावयाचा तो एवढाच की, देशाच्या एवढ्या मोठ्या उद्योगाचे दप्तर एका दूरस्थ कळीने बंद करता येते, ती कळ कोठे आहे आणि तिच्यावर कोणाचे बोट आहे?

ज्याला ‘क्लाऊड’ म्हणजे ढग असे मोठे काव्यमय नाव दिले गेले आहे, त्यात वस्तुतः ढगासारखे काहीही नसते. त्या असतात लोखंडी मांडण्यांत रचलेल्या हजारो संगणकांनी भरलेल्या भल्यामोठ्या गोदामवजा इमारती. अहोरात्र वीज खाणाऱ्या, अहोरात्र थंड ठेवाव्या लागणाऱ्या. ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात अशा कितीतरी इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतील संगणकांची शक्ती आणि साठवणीची जागा तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यावयाची, हा या व्यवसायाचा गाभा. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉन कंपनीने साठवणीची जागा भाड्याने देण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष संगणनशक्तीही. पुस्तके विकणाऱ्या कंपनीचा हा जोडधंदा पुढे तिच्या नफ्याचा मुख्य आधार बनला. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल मागोमाग आले. आज जगातील या बाजारपेठेचा निम्म्याहून कितीतरी अधिक हिस्सा या तीन कंपन्यांच्या हाती आहे, आणि तिन्ही एकाच देशाच्या आहेत.

ही व्यवस्था सोयीची आहे, हे मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लग्नासाठी कोणी हजार खुर्च्या विकत घेत नाही. मंडपवाल्याकडून आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत करतो. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी राज्यातील सुमारे पंधरा-सोळा लाख विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शेजारीपाजारी एकाच वेळी निकालाच्या पानावर धाव घेतात. त्या एका दुपारीसाठी शिक्षण मंडळाने शेकडो सर्व्हर विकत घेऊन उरलेले वर्षभर धूळ खात ठेवावेत, असे कोणीही म्हणणार नाही. नव्याने उद्योग सुरू करणाऱ्या तरुणाला पूर्वी यंत्रसामग्रीसाठीच लाखो रुपये उभे करावे लागत. आता महिन्याच्या काही हजार रुपयांत त्याचे काम चालू होते. पुण्या-बंगळुरूत गेल्या दीड दशकात जे लहान लहान संगणक उद्योग उभे राहिले, त्यांतील अनेकांचा जन्मच या भाड्याच्या सोयीमुळे झाला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडविषयीचे धोरण घोषित केले, त्यामागेही हाच व्यवहारी विचार होता. तो विचार चुकीचा नव्हता.

खोपोलीची वीज आणि नवी मुंबईचा सर्व्हर

क्लाऊडचे समर्थक विजेचा दाखला आवर्जून देतात. पूर्वी प्रत्येक गिरणीचे स्वतःचे वाफेचे इंजिन असे. पुढे वीज आली आणि गिरण्यांनी आपापली इंजिने मोडीत काढली. संगणनाचेही तसेच होणार, असे त्यांचे म्हणणे. मुंबईला हा इतिहास चांगला परिचित आहे. १९१० मध्ये टाटांनी जलविद्युत कंपनी स्थापन केली, लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधली, ते पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून खोपोलीस उतरविले आणि १९१५ मध्ये त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या गिरणगावाला मिळालेला तो मोठाच दिलासा होता.

दाखला चांगला आहे. परंतु तो अर्ध्यावरच सोडून दिला जातो. खोपोलीची वीज गिरणीत येत असे. गिरणीचा कापूस, गिरणीचे माग, गिरणीच्या हिशेबाच्या चोपड्या गिरणीतच राहत. वीज खंडित झाली तर माग थांबत, पण मालाच्या गठड्या कोणी उचलून नेत नसे. क्लाऊडमध्ये याच्या नेमके उलट घडते. तेथे शक्ती आपल्या आवारात येत नाही. आपला कापूस, आपले माग आणि आपल्या चोपड्या यांच्यासह सबंध गिरणीच दुसऱ्याच्या आवारात नेऊन ठेवावी लागते. दरवाजावरचा पहारेकरी त्याचा. कुलूप त्याचे. आणि दुसरा भेद त्याहून महत्त्वाचा. खोपोलीचा वीजपुरवठादार आणि परळचा गिरणीमालक हे दोघेही एकाच कायद्याखाली, एकाच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होते. देश तेव्हा परतंत्र होता, तरीही तंटा झाल्यास तो मुंबईच्या न्यायालयात सुटला असता.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. आता परदेशी कंपन्यांचे सर्व्हरही भारतातच आहेत ना? ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत आपली केंद्रे सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे महाराष्ट्र शासनाशी झालेल्या करारात ८.३ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली. माहिती भारताच्या भूमीवरच राहत असेल, तर चिंता कशाची?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या कायद्यातच लिहून ठेवलेले आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘क्लाऊड ॲक्ट’ या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत केला. त्याची पार्श्वभूमी बोलकी आहे. आयर्लंडमधील सर्व्हरवर साठविलेली ई-मेल अमेरिकी तपासयंत्रणांना द्यावी की नाही, यावरून मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकी सरकार यांच्यात वर्षानुवर्षे खटला चालला होता. तो सर्वोच्च न्यायालयात असतानाच हा कायदा आला आणि वादाचे मूळच उखडले गेले. अमेरिकी अधिकारक्षेत्रातील कंपनीच्या ताब्यात जी माहिती आहे, ती जगात कोठेही साठविलेली असो, विहित प्रक्रियेने आदेश दिल्यास कंपनीने ती सादर केली पाहिजे, असा त्याचा सारांश. म्हणजे सर्व्हर ऐरोलीत आहे की आयर्लंडमध्ये, याला अर्थ उरत नाही. सर्व्हरच्या मालकाचे मुख्यालय कोठे आहे, याला अर्थ आहे.

फ्रान्सच्या सिनेटने याच मुद्द्यावर १० जून २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधील विधी विभागाच्या प्रमुखांना शपथेवर प्रश्न विचारला. फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच शासनाच्या संमतीवाचून अमेरिकी सरकारला कधीही दिली जाणार नाही, याची हमी देता का? अशी हमी देता येत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. असे आजवर घडलेले नाही, हेही त्यांनी सांगितले. उत्तर प्रामाणिक होते आणि त्याबद्दल त्या अधिकाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. कंपनी आपल्या देशाचा कायदा पाळणारच. प्रश्न आहे तो, अशी हमी नसताना आपले सर्व काही तेथे नेऊन ठेवणाऱ्यांचा. फ्रान्स हा तर अमेरिकेचा नाटोमधील मित्र. त्याची ही स्थिती असेल, तर स्वतंत्र परराष्ट्र धोरण चालवू इच्छिणाऱ्या भारताने काय गृहीत धरावे?

शिवकालीन राजनीतीचे सार ज्यात उतरले आहे असे मानले जाते, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयीचे विवेचन या संदर्भात मुद्दाम वाचण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ व्यापाऱ्यांचा द्वेष करीत नाही. उलट सावकार-व्यापारी ही राज्याची शोभा मानून त्यांना सन्मानाने वागवावे असे सांगतो. परंतु फिरंगी, इंग्रज, वलंदेज आदी टोपीकर इतर सावकारांसारखे नाहीत, त्या प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा उभा आहे, हे तो विसरू देत नाही. त्यांना व्यापार करू द्यावा. पण वखारीसाठी जागा देणे भागच पडले, तर ती समुद्रकाठी वा खाडीच्या मुखाशी न देता आतल्या भागात, आपल्या नजरेखाली द्यावी, आणि पक्की बांधकामे करू देऊ नयेत, असा त्याचा रोख आहे. व्यापार वेगळा आणि ठाणे वेगळे, हा भेद तीनशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी अमात्याला स्वच्छ दिसत होता. वखारीच्या दारातून पुढे काय आत आले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आजच्या अमेरिकी कंपन्या म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी नव्हेत आणि तशी ओरड करणे सवंगपणाचे होईल. परंतु कंपनीच्या पाठीशी तिचे राज्य असते, हे अमात्यांचे निरीक्षण वाडीनारच्या प्रकरणात अक्षरशः खरे ठरले.

आत जाण्यास वाट, बाहेर पडण्यास जकात

कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून केवळ पैशाच्या दृष्टीने पाहिले, तरी भाड्याचा हिशेब सर्वांना सर्वकाळ परवडतोच असे नाही. शिकागोतील ‘३७ सिग्नल्स’ या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण या व्यवसायात बरेच गाजले. २०२२ मध्ये तिचे क्लाऊडचे बिल ३२ लाख डॉलर होते. तिने सुमारे सात लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेऊन आपले बहुतेक काम स्वतःकडे आणले आणि हे वार्षिक बिल १३ लाख डॉलरच्या आसपास उतरले. ज्याचे काम बारमाही आणि एकसारखे आहे, त्याने भाड्याने राहणे म्हणजे चाळीस वर्षे लॉजमध्ये खोली घेऊन राहण्यासारखे आहे. मंडपाच्या खुर्च्या एका दिवसासाठी भाड्याने आणणे शहाणपणाचे. दिवाणखान्यातील खुर्च्या भाड्याने आणणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही.

त्यातही खरी मेख बाहेर पडण्यात असते. माहिती आत नेताना सहसा काही आकारले जात नाही, किंबहुना प्रारंभी सवलतींची खैरात होते. माहिती बाहेर काढताना मात्र दर गिगाबाइटमागे शुल्क लागते. त्याहून चिवट बंधन असते ते तंत्राचे. प्रत्येक पुरवठादाराच्या काही खास सुविधा असतात. कामाला लागलेला तंत्रज्ञ त्या सहजपणे वापरत जातो आणि तीन-चार वर्षांनी ध्यानात येते की, सबंध प्रणाली त्या एकाच घराच्या मापाने बेतली गेली आहे. ती उचलून दुसरीकडे न्यावयाची तर नव्यानेच लिहावी लागते. युरोपीय संघाने या अडवणुकीची दखल घेतली. त्याचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाताना आकारले जाणारे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून पूर्णतः बंद करण्याची तरतूद त्यात आहे. विशेष म्हणजे, कायदा लागू होण्यापूर्वीच, २०२४ च्या आरंभी गूगल आणि ॲमेझॉन या दोघांनीही कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ केले. मोठे ग्राहक एकत्र येऊन अट घालतात, तेव्हा या बलाढ्य कंपन्याही वाकतात, असा त्याचा अर्थ. भारताचे केंद्र सरकार, राज्य सरकारे आणि सार्वजनिक उपक्रम मिळून किती मोठा ग्राहक होतो, याचा हिशेब करून अशी अट घालण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी निश्चित आहे.

येथे उत्साहाच्या भरात एक चूक होण्याचा संभव असतो. परक्याचे सोडून आपले वापरले की सारे आपोआप सुरक्षित झाले, अशी समजूत करून घेणे ही ती चूक. दक्षिण कोरियाचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील शासनाने आपली माहिती परक्यांकडे न ठेवता स्वतःच्या मालकीच्या केंद्रांत ठेवली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील केंद्रात बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली आणि शासनाच्या ७०९ प्रणाली एका फटक्यात बंद पडल्या. सरकारी कर्मचारी ज्यात कामाची कागदपत्रे साठवीत, त्या साठवणप्रणालीतील ८५८ टेराबाइट माहिती जळून नष्ट झाली. तिची दुसरी प्रतच कोठे नव्हती. मालकी स्वतःची होती, देशाभिमान होता, शिस्त मात्र नव्हती.

आपल्याकडेही जुलै २०२४ च्या अखेरीस असाच इशारा मिळाला. लहान बँकांना सामाईक तंत्रसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. ही कंपनी संपूर्णतः स्वदेशी. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांची भागीदारी. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने ३१ जुलै रोजी तिला तात्पुरते वेगळे काढले आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, ही समाधानाची गोष्ट. तथापि ज्या बँकांचे ग्राहक त्या दिवशी ताटकळले, त्यांत ग्रामीण आणि सहकारी बँकांचा भरणा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अर्थात परदेशी महाकंपन्याही याला अपवाद नाहीत. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात पत्त्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित यंत्रणा एकमेकींच्या आड आल्या, एक नोंद कोरी राहिली आणि जगभरातील असंख्य सेवा कित्येक तास ठप्प झाल्या. बिघाड कोणाकडेही होतो. फरक इतकाच की बिघाड दुरुस्त करता येतो. परक्या सत्तेचा आदेश दुरुस्त करता येत नाही.

नकाराचा पुण्यातील इतिहास

परावलंबनातून वाट काढण्याचा अनुभव या देशाला नवा नाही, आणि तो पुण्याला तर विशेष परिचित आहे. १९८७ मध्ये हवामानाच्या अंदाजाव्यतिरिक्त अन्य संशोधनासाठीही वापरता येईल असा क्रे कंपनीचा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा राजीव गांधींच्या सरकारने पुढल्याच वर्षी पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना केली आणि डॉ. विजय भटकर यांच्यावर धुरा सोपविली. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते, हे लपविण्याचे कारण नाही. जे सुटे भाग बाजारात मिळत होते ते घेतले. त्यांना एकत्र जोडून महासंगणकाचे काम करवून घेण्याची विद्या मात्र आपली होती. स्वदेशीचा हाच अर्थ कालही व्यवहार्य होता, आजही आहे. पहिल्या खिळ्यापासून सर्व काही स्वतः बनविण्याच्या हट्टाने काही बनत नाही. पण जोडणीची विद्या आणि अंतिम ताबा आपल्याकडे असला पाहिजे.

चौतीस वर्षांनंतर तोच प्रसंग नव्या वेषात आला. जानेवारी २०२५ मध्ये मावळत्या अमेरिकी प्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या प्रगत चिप कोणत्या देशाला किती मिळाव्यात, याचे नियम जाहीर केले. मुक्त प्रवेश मिळालेल्या अठरा मित्रदेशांच्या यादीत भारत नव्हता. पुढील प्रशासनाने मे महिन्यात ते नियम मागे घेतले. दिलासा मिळाला खरा; पण एका कलमाने दिलेले दुसऱ्या कलमाने काढून घेता येते, हेही त्या चार महिन्यांत दिसून आले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मान्यता दिली होती. तिच्या माध्यमातून देशी कंपन्यांकडील हजारो प्रगत प्रक्रियक संशोधकांना आणि नवउद्योजकांना तासाला शंभर रुपयांहून कमी दराने उपलब्ध होऊ लागले. पनवेलच्या योट्टासारख्या कंपन्या त्यात आहेत. हेही भाडेच, पण घरमालक भारतीय कायद्याखालचा. चिप परक्या असल्या तरी आज जे हाती आहे, त्याचा ताबा आपला आहे.

कायद्याचा बडगा योग्य वेळी उगारला तर काय होते, याचेही प्रात्यक्षिक देशाने पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून देयकव्यवहारांची सर्व माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला. परदेशी कार्डकंपन्यांनी हे अशक्य असल्याचे सांगून पाहिले. २०२१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांच्यावर नवे ग्राहक घेण्यास बंदी आली, तेव्हा अशक्य ते शक्य झाले. मास्टरकार्डवरील बंदी जून २०२२ मध्ये पूर्ततेनंतर उठली. कोणाशीही भांडण झाले नाही, कोणी देश सोडून गेले नाही. ई-मेलच्या बाबतीतही केंद्र शासनाने सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या तामिळनाडूतील झोहो कंपनीच्या प्रणालीवर आणल्या. या कंपनीची विशेषता अशी की, ती आपली सेवा अन्य कोणाच्या क्लाऊडवर न चालविता स्वतःच्या केंद्रांतून चालविते. वाडीनारच्या कंपनीनेही संकटाच्या त्या दिवसांत ई-मेलसाठी एका भारतीय कंपनीचाच आश्रय घेतल्याचे वृत्त होते. तो आश्रय संकटापूर्वी घेता आला असता.

तेव्हा सर्वच काही घरी आणण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. निकालाचे पान, निवडणुकीच्या दिवशीची आकडेवारी, एखाद्या नाट्यसंमेलनाचे संकेतस्थळ कोणाच्याही भाड्याच्या सर्व्हरवर चालावे. त्यात गुप्त काही नाही आणि एक दिवस बंद पडले तर आभाळ कोसळत नाही. मात्र जमिनीचे सातबारे, रुग्णांच्या नोंदी, वीजवितरणाचे नियंत्रण, तेलकंपन्या, रेल्वे, बँका यांचे दप्तर ज्याच्या आवारात आहे, तो घरमालक भारतीय न्यायालयाला उत्तरदायी असलाच पाहिजे. जेथे काही काळ परदेशी सेवा अपरिहार्य आहे, तेथे माहिती कूटबद्ध करूनच ठेवावी आणि ती उलगडण्याची किल्ली स्वतःकडे असावी. घरमालकाकडे कुलूप असले तरी तिजोरीची किल्ली भाडेकरूच्या कमरेला राहावी. हे तंत्र आज उपलब्ध आहे. ते मागितले जात नाही, कारण मागावे हे खरेदी करणाऱ्याला ठाऊक नसते. निविदांमध्ये दर आणि मुदत यांची कलमे पानभर असतात. सोडून जाताना माहिती कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, याचे कलम शोधावे लागते.

या बाबतीत सर्वांत असुरक्षित आहेत त्या लहान सहकारी संस्था. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी तंत्रसेवा बाहेरून घेण्याविषयी जे निर्देश जारी केले, त्यांत क्लाऊडचा सविस्तर विचार होता. पुरवठादार सोडण्याची योजना आधीच तयार ठेवावी, अशी अटही होती. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे लहान नागरी सहकारी बँकांना त्यांतून वगळण्यात आले होते. त्यांच्यावर खर्चाचा बोजा पडू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण लहान बँकेपाशी स्वतःचा जाणता तंत्रज्ञ नसतो, पुरवठादाराशी वाटाघाट करण्याचे बळ नसते, आणि तिच्या ठेवीदारांत निवृत्त शिक्षक, दूधवाले, भाजीविक्रेते असतात. नाशिकच्या ईएसडीएससारखी मराठी मुलुखातील कंपनी कित्येक वर्षे बँकांना अशी सेवा पुरवीत आली आहे. म्हणजे जवळचा, परिचित, याच कायद्याखालचा पर्याय नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेनेही आर्थिक क्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाऊड उभारण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये केली. परंतु घर बदलण्यापूर्वी आपण सध्या कोणाच्या घरात राहत आहोत, हे भाडेकरूला ठाऊक असावे लागते. अनेक संचालक मंडळांना ते ठाऊक नाही. सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या एजन्सीशी करार होतो. ती एजन्सी पुढे कोणाकडून जागा भाड्याने घेते, हे विचारलेच जात नाही.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांश आणि थकबाकी यांवर तास तास घमासान होते, अल्पोपाहाराच्या खर्चावरही प्रश्न निघतात. त्याच सभेत एखाद्या सभासदाने उभे राहून अध्यक्षांना इतके विचारावे: बँकेच्या खातेवह्या प्रत्यक्ष कोणाच्या सर्व्हरवर आहेत, त्यांची दुसरी प्रत कोणत्या गावी आहे, आणि ती प्रत उघडते की नाही हे शेवटचे कोणत्या तारखेला पाहिले?